उपवास चाळीस, आनंद पन्नास

गुड फ्रायडेची सुट्टी कॅलेंडरवर लाल अक्षरात असते, म्हणून ती सगळ्यांना ठाऊक असते. ईस्टर येतो रविवारी. त्याची वेगळी सुट्टी नाही, त्यामुळे तो कधी आला आणि कधी गेला हे पुष्कळदा शेजाऱ्यालाही कळत नाही. ज्यांना कळतं ते रविवारी सकाळी शुभेच्छा देतात आणि सोमवारी सण संपला असं धरून चालतात. कॅथॉलिक घरात मात्र सोमवारी सण संपलेला नसतो, तो नुकताच सुरू झालेला असतो. ईस्टरचा रविवार धरून पुढे पन्नास दिवस हा सण चालतो. त्याआधीचा उपवासाचा काळ चाळीस दिवसांचा. म्हणजे दुःखापेक्षा आनंदाचे दिवस दहाने जास्त.

ऐकायला हा हिशेब गोड वाटतो. पण हे पन्नास दिवस आपल्या जालना जिल्ह्यात कोणत्या ऋतूत येतात ते पाहा. एप्रिल आणि मे. ज्वारी-गहू निघालेला, रान मोकळं, विहिरीचा तळ दिसू लागलेला आणि नळाची वाट पाहणं सुरू झालेलं. अशा दिवसांत आनंद करा, असं धर्म सांगतो. तो करायचा कोणी? प्रार्थना चर्चमध्ये होते, हे खरं. पण सण घरात उतरवायचं काम घरातल्या बाईकडे येतं. आज मला तिच्याबद्दल बोलायचं आहे.

जालन्याला ख्रिस्ती माणूस नवा नाही. १९व्या शतकात इथे फौजेची छावणी होती. त्याच शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. शेषाद्री जन्माने ब्राह्मण, १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते स्कॉटिश मिशनचे, म्हणजे प्रोटेस्टंट. कॅथॉलिकांचा प्रवाह वेगळा. मराठवाड्यासाठी कॅथॉलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावतीपासून वेगळा झाला. जालन्यातली कॅथॉलिक घरं संख्येने थोडी आहेत. काही पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मातीतली, काही नोकरीनिमित्त केरळ, गोवा, वसईहून आलेली. मिस्सा मराठीत होते. यातही नवल वाटायला नको. इंग्लंडहून आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं, ते छापून आलं १६१६ मध्ये. मराठी आणि कॅथॉलिक यांची ओळख चारशे वर्षांहून जुनी आहे.

या सणाची तारीख दर वर्षी का हलते, असं मला अनेक जण विचारतात. उत्तर आकाशात आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कुठेही येतो. सर्वांनी तो एकाच रविवारी पाळावा, असं इसवी सन ३२५ मध्ये निकाया इथल्या धर्मपरिषदेत ठरलं. चर्चची पौर्णिमा कोष्टकावरून काढतात, त्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडतो, पण चंद्र तोच. ही पौर्णिमा बहुतेक वेळा एक तर आपली होळीची असते, नाही तर हनुमान जयंतीची. २०२४ मध्ये धुळवड २५ मार्चला झाली आणि लगेचच्या रविवारी, ३१ मार्चला, ईस्टर आला. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला होती आणि ईस्टर ५ एप्रिलला. एका गल्लीतली एक बाई ज्या चंद्राकडे पाहून होळीला नैवेद्य करते, त्याच चंद्रावर पलीकडच्या बाईचा सण ठरतो. आमचा रमजान तर पूर्ण चंद्राच्याच हातात. २०२५ मध्ये पहिला रोजा २ मार्चला होता आणि राखेचा बुधवार ५ मार्चला. त्या मार्चमध्ये आमच्या घरात आणि कॅथॉलिक घरात उपवास बरोबरीने चालू होते. ३० मार्चला गुढ्या उभ्या राहिल्या, ३१ला ईद झाली, आणि २० एप्रिलला ईस्टर.

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस काढून घेतात आणि उपवासकाळ सुरू होतो. त्या दिवसापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर दिवस भरतात शेहेचाळीस. पण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून चाळीस. नियम आमच्या रोजासारखा कडक नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस एकच पूर्ण जेवण घ्यायचं, ते अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांपासून साठीच्या आतल्यांपर्यंत. आणि या काळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, ते चौदा वर्षांच्या पुढच्यांना. पाण्याला बंदी नाही. पण घरोघरी लोक नियमापेक्षा जास्त पाळतात. कोणी चाळीस दिवस मटण-मच्छी सोडतं, कोणी चहा. आमच्या ओळखीच्या एक कॅथॉलिक ताई आहेत, त्या चहातली साखर सोडतात. वाचलेले पैसे गरिबांसाठी बाजूला ठेवतात. आमच्याकडे ईदच्या नमाजाआधी फितरा द्यावा लागतो, गरिबाच्याही घरी ईद व्हावी म्हणून. भुकेचा हिशेब दुसऱ्याच्या ताटात मांडायचा, हा विचार दोन्हीकडे सारखा आहे.

झावळ्यांच्या रविवारपासून पवित्र आठवडा लागतो. येशू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी झाडांच्या फांद्या हातात घेऊन त्याचं स्वागत केलं, त्याची ही आठवण. किनारपट्टीवर नारळाची झावळी मिळते, आपल्याकडे शिंदीची पानंही चालतात. आशीर्वाद घेतलेली ती झावळी घरी आणून भिंतीवरच्या क्रुसामागे खोचून ठेवतात. वर्षभर ती तिथेच वाळते. पुढच्या वर्षी अशाच वाळलेल्या झावळ्या जाळून राखेच्या बुधवारची राख करतात. स्वागताचीच पानं पश्चात्तापाची राख होतात. वर्षभर घर झाडताना ती झावळी पडणार नाही, फाटणार नाही, हे बघते ती घरची बाईच.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची ही आठवण. नियमानुसार हे बारा जण पुरुषच असायचे. पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेवरून २०१६ च्या जानेवारीत नियम बदलला, आणि तेव्हापासून बायकांचेही पाय धुता येतात. वर्षभर घरातल्या सगळ्यांचं धुणं-पुसणं करणारी बाई खुर्चीवर बसते आणि फादर गुडघे टेकून तिच्या पायांवर पाणी घालतात. या एका दृश्यात काय काय आहे ते मी वेगळं सांगायला नको.

त्या गुरुवारच्या मिस्सानंतर चर्चच्या घंटा मुक्या होतात. शुक्रवारी मिस्सा होत नाही, क्रुसाला वंदन होतं. शनिवार सगळा शांत. आणि शनिवारी अंधार पडल्यावर चर्चबाहेर आग पेटवतात. त्या आगीवरून एक मोठी मेणबत्ती लावतात, तिला पास्काची मेणबत्ती म्हणतात. तिच्यावर क्रूस कोरलेला असतो आणि चालू वर्षाचे चार आकडे. अंधाऱ्या चर्चमध्ये ती एकटी मेणबत्ती आत येते आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली मेणबत्ती पेटत जाते. चाळीस दिवस तोंडातून न काढलेला ‘आलेलुया’ हा शब्द त्या रात्री पुन्हा गायला जातो. देवाची स्तुती करा, असा त्याचा अर्थ. घंटा वाजतात. मग पाण्यावर आशीर्वाद मागतात, आणि लोक आपल्या बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा उच्चारतात.

तो पाण्याचा विधी जालन्यात पाहताना मनात वेगळंच येतं. २०१३ चा दुष्काळ ज्यांनी इथे काढला, त्यांना सांगायला नको. त्या वर्षी ईस्टर ३१ मार्चला होता. टँकरच्या आवाजाकडे कान लावून बसायचे ते दिवस. त्या उन्हाळ्यात पाण्यासाठी प्रार्थना करणं हे अलंकारिक बोलणं नव्हतं. पाणी म्हणजे नवा जन्म, हे धर्मग्रंथातलं वाक्य समजायला दुष्काळी मुलखातल्या बाईला टीकाग्रंथ लागत नाही. आशीर्वादाचं ते पाणी बाटलीत भरून घरी आणतात, दाराशी, अंथरुणाशी, आजाऱ्याच्या कपाळावर शिंपडतात. ताई म्हणतात, “भाऊ, एवढीशी बाटली वर्षभर पुरते. आणि ड्रमभर पाणी तिसऱ्या दिवशी संपतं.”

रविवारचं जेवण घराघराप्रमाणे बदलतं. केरळच्या घरात वेगळं, वसईच्या घरात वेगळं. आपल्याकडच्या घरात कुठे कोंबडीचा रस्सा, कुठे बिर्याणी, कुठे चक्क पुरणपोळी. अंडी का रंगवतात, असं मुलं विचारतात. त्याचं मूळ स्वयंपाकघरातच आहे. युरोपात मध्ययुगात उपवासकाळात अंडीसुद्धा वर्ज्य होती. कोंबड्यांना त्याची कल्पना नव्हती, त्या अंडी घालतच राहायच्या. साठलेली अंडी ईस्टरला निघायची. बंद कवचातून जीव बाहेर येतो, हा अर्थ त्याला जोडून आला. दुकानातलं चॉकलेटचं अंडं हे त्याच अंड्याचं नातवंड.

आता येतो सोमवार, आणि इथून पुढचंच मला सांगायचं आहे. चर्चच्या दृष्टीने ईस्टरचे पहिले आठ दिवस म्हणजे जणू एकच दिवस. त्या आठवड्यातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियमही लागू होत नाही. जुन्या काळी याहून पुढे गेले होते. ज्या निकाया परिषदेचा मघाशी उल्लेख केला, तिनेच आणखी एक नियम केला: रविवारी आणि या पन्नास दिवसांत गुडघे टेकायचे नाहीत, उभं राहून प्रार्थना करायची. गुडघे टेकणं हे पश्चात्तापाचं. हे दिवस ताठ उभं राहण्याचे. मला हे फार ओळखीचं वाटलं, कारण ईदच्या दिवशी रोजा ठेवायला आमच्याकडेही मनाई आहे. कितीही पुण्यवान माणूस असो, त्या दिवशी त्याने खाल्लंच पाहिजे. आनंद ही आपल्या मर्जीची गोष्ट नाही, ते कर्तव्य आहे, असं दोन्ही धर्म सांगतात.

पण कर्तव्य म्हणून उपवास करता येतो, आनंद कसा करायचा? मी ताईंना हे विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “उपास सोपा असतो हो. उपासाला काही करावं लागत नाही, सोडावं लागतं. सणाला रोज काहीतरी करावं लागतं.” बाईने दोन वाक्यांत सांगितलं ते मला पुस्तकात सापडलं नव्हतं. उपवासात फ्रिजमध्ये काही नसलं तरी चालतं. आनंदासाठी मात्र टेबलावर धुतलेलं कापड पाहिजे, क्रुसापुढे मोगऱ्याची चार फुलं पाहिजेत, संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून प्रार्थना पाहिजे, आणि बेचाळीस डिग्रीत आलेल्या पाहुण्याला हसून पाणी पाहिजे. तेही एक दिवस नाही, पन्नास दिवस.

आणि घरात दुःख असेल तर? २०२० चं ईस्टर आठवा. १२ एप्रिल, टाळेबंदीचे दिवस. चर्चला कुलूप होतं. रोममध्ये पोप फ्रान्सिस यांनीही जवळजवळ रिकाम्या चर्चमध्ये ती रात्र केली. आमचा रमजान, आमची ईद, दोन्ही त्या वर्षी घरातच झाली. मशिदी बंद, चर्च बंद, मंदिरं बंद. त्या वर्षी सगळ्यांचेच सण स्वयंपाकघराच्या आधाराने टिकले, असं मी म्हणेन. फोनच्या छोट्या पडद्यावर मिस्सा लावायची, मेणबत्ती आपणच पेटवायची, मुलांना गप्प बसवायचं, म्हाताऱ्या सासूला काय चाललंय ते समजावून सांगायचं. पुढच्या वर्षी ४ एप्रिलला ईस्टर झाला आणि दुसऱ्या लाटेने अनेक घरांतली माणसं नेली, ती नेमकी याच पन्नास दिवसांत.

अशा वेळी पास्काची मेणबत्ती काय करते, हे जाणून घेण्यासारखं आहे. पन्नास दिवस ती वेदीजवळ उभी असते. नंतर वर्षभर ती दोनच प्रसंगी आवर्जून पेटवतात. बाळाचा बाप्तिस्मा असेल तेव्हा आणि चर्चमध्ये शवपेटी आणतात तेव्हा. मेणबत्ती तीच. म्हणजे या आनंदात मृत्यूला जागा नाही, असं नाही. मृत्यू तिथे आहे, पण शेवटचा शब्द त्याचा नाही, अशी ही श्रद्धा आहे. ज्या बाईच्या घरी नुकतं कोणी गेलं आहे, तिला हसायला कोणी सांगत नाही. तिला एवढंच सांगतात की दिवा विझवू नकोस.

या सणाच्या मुळाशीही बायकाच आहेत. चारही शुभवर्तमानांत रविवारी पहाटे कबरीकडे जाणारी म्हणून मग्दालेची मरिया येते. काहींत तिच्याबरोबर आणखी बायका आहेत. त्या मृतदेहाला लावायला सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या होत्या. म्हणजे घरातलं कोणी गेल्यावर बायका जे करतात तेच करायला. पुरुष दारं लावून बसले होते. कबर रिकामी असल्याची बातमी बायकांनी आणली, आणि लूकच्या शुभवर्तमानात लिहिलं आहे की ऐकणाऱ्यांना ती बडबड वाटली. पुढे चर्चने मग्दालेच्या मरियेला प्रेषितांची प्रेषित म्हटलं, आणि २०१६ मध्ये तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हजरत ईसा आणि बीबी मरियम यांचं स्थान आम्हा मुसलमानांच्या मनात फार मोठं आहे. कुरआनाचा एकोणिसावा सूरा मरियमच्याच नावाचा आहे. पण क्रुसावरच्या मृत्यूबद्दल आमची श्रद्धा ख्रिस्ती श्रद्धेहून वेगळी आहे. हा फरक खरा आहे आणि तो गोड बोलून पुसण्याचं कारण नाही. शेजारधर्म पाळायला श्रद्धा एक असावी लागत नाही. शेजारच्या घरात आज काय आहे हे माहीत असलं, तरी पुष्कळ होतं.

कारण पुढचे हे पन्नास दिवस कॅथॉलिक बाई काही वेगळ्या जगात काढत नाही. उपवासकाळात लग्नं थाटात करत नाहीत, ती ईस्टरनंतर निघतात. तेव्हा तिचीही लगीनसराई सुरू होते. मुलांच्या परीक्षा संपतात, माहेरचे पाहुणे येतात. आणि गच्चीवर वाळवणं पडतात. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून कुरडया घालायच्या, तर चार हात लागतात. त्या हातांत कोणाच्या बांगड्या आहेत आणि कोणाच्या गळ्यात क्रूस आहे, हे उन्हाला कळत नाही. शेवया एकाच दिवशी होतात. काही डबे ईदच्या शीरखुर्म्यासाठी जातात, काही अधिकमासातल्या जावयासाठी, काही मे महिन्यातल्या रोझरीला जमणाऱ्या बायकांच्या खिरीसाठी. मे महिना कॅथॉलिकांत मरियेचा मानतात, घरोघरी जपमाळेची प्रार्थना होते आणि प्रार्थनेनंतर काहीतरी गोड लागतंच.

पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट येतो. पवित्र आत्म्याच्या आगमनाचा हा सण. त्या दिवसानंतर मोठी मेणबत्ती वेदीजवळून हलवतात, सण संपतो. ईस्टर उशिरा आला तर हा दिवस जूनमध्ये जातो. २०२५ मध्ये तो ८ जूनला होता, म्हणजे मृग लागण्याच्या दिवशीच. राख कपाळाला लागली तेव्हा थंडी सरत होती, मेणबत्ती हलवली तेव्हा माणसं ढगांकडे पाहत होती. मधला सगळा उन्हाळा तिने सण म्हणून काढला.

तेव्हा तुमच्या ओळखीत एखादं कॅथॉलिक घर असेल आणि ईस्टरच्या रविवारी जायचं राहून गेलं असेल, तर आता उशीर झाला असं समजू नका. त्यानंतरच्या सोमवारी जा, पंधरा दिवसांनी जा, भर मे महिन्यात जा. ‘ईस्टरच्या शुभेच्छा’ म्हणा. दार उघडणाऱ्या बाईला आधी आश्चर्य वाटेल, मग बरं वाटेल. सण अजून चालू आहे हे घराबाहेरच्या कोणाला तरी माहीत आहे, एवढं तिला कळेल. आणि जाताना जमलं तर रिकाम्या हाताने जाऊ नका. दोन मोसंब्या पुरतात.